हाळीचा मान

१२ जून २००६, सोमवार

करंजटेपला पोचले एकदाची. पोलादपूरहून कुडपणच्या बाजूला जाणारी एसटी फाट्यावर सोडते, पुढे पाऊण तास चढ. बावन्नाव्या वर्षी माझी बदली इथे करून ज्यांना मला धडा शिकवायचा होता, त्यांच्या माहितीसाठी लिहिते: वाटेत मी दोनदाच बसले, आणि दोन्ही वेळा जांभळं खायला. महाडला वरिष्ठांना दोन खऱ्या गोष्टी सुनावल्या, त्याचं हे बक्षीस. बक्षीस झकास आहे. दारात उभं राहिलं की सबंध दरी दिसते.

शाळा एका खोलीची, मुलं अकरा, शिक्षक म्हणजे मी. मागच्या खोलीत राहायचं. वाडी चौदा घरांची, त्रेसष्ट माणसांची. एका अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा, त्यावर लाकडी साकव, पलीकडे काळ्या कातळाचा सडा आणि सड्यावर वाघजाईचं देऊळ. वाडीखाली आणखी पाच घरं होती, ती गेल्या जुलैत दरडीखाली गेली. तिथे आता लाल मातीचा ढिगारा आहे आणि त्यावर टाकळा माजलाय. गावकीचे प्रमुख येसाजी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालत होते. ढिगाऱ्यापाशी त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मीही काढल्या.

१३ जून, मंगळवार

सामान लावलं. आधी रेडिओ, मग देव. देव रागावणार नाहीत. गेल्या वर्षी महाडला पूर आला तेव्हा मी दोन दिवस गच्चीवर बसून होते. पहिला मजला पाण्यात, फोन मेलेला, ट्रांझिस्टरचे सेल भिजलेले. पाणी चढतंय की उतरतंय हे भिंतीवर कोळशाने रेघा मारून बघत होते. भीतीपेक्षा संताप जास्त आला होता. जगात काय चाललंय हे कुणीतरी सांगायला नको?

तेव्हा भाच्याने, धवलने, अमेरिकेहून हा रेडिओ पाठवला. लाल रंगाचा, जेवणाच्या डब्याएवढा. सेल नाहीत, वीज नाही. बाजूला हँडल आहे, ते मिनिटभर गरगर फिरवलं की पंधरा-वीस मिनिटं बोलतो. वर विजेरीसुद्धा आहे त्याला. एक बटण आहे, डब्ल्यू बी. ते म्हणे फक्त हवामानाच्या इशाऱ्यांचं, पण ती केंद्रं तिकडेच आहेत, आपल्याकडे त्या बटणावर काही लागत नाही. धवलने फोनवर दोनदा बजावलं, आत्या, तुझा रेडिओ बिघडला म्हणून मला ओरडू नकोस. मी म्हटलं, नऊ बटणांतलं एक निकामी म्हणजे आपल्या खात्यापेक्षा बरंच की.

१९ जून, सोमवार

शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजून आकडा येसाजींच्या फोनवरून पोलादपूरला कळवायचा, हेही माझ्याच गळ्यात. मला आवडतं. आजचा आकडा ६२ मिलिमीटर.

सकाळी दाट धुकं होतं. साकवापलीकडून कुणीतरी हाक मारली. मी ओ देणार एवढ्यात शेजारच्या कोंडाजीच्या बायकोने माझ्या तोंडावर हातच ठेवला. मग येसाजींनी सगळं नीट समजावून सांगितलं. पावसाळ्यात धुक्यातल्या हाकेला ही वाडी ओ देत नाही, कारण ती कुणाची असेल सांगता येत नाही. संकटाची हाळी देण्याचा मान एकाच घराचा. त्या घरातल्या माणसाने हाळी दिली तरच लोक हलतात. पहिल्या हाळीला चूल विझवायची, दुसरीला गुरं सोडायची, तिसरीला घर सोडायचं. इतर कुणी बोंबलून मेलं तरी दार उघडायचं नाही.

तो मान सहदेवचा. गेल्या वर्षी त्याच्या हाळीने खालच्या पाचही घरांतली माणसं वेळेवर बाहेर पडली. एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला, त्याला आणायला सहदेव परत गेला आणि दरड आली. म्हाताऱ्याचं प्रेत मिळालं, सहदेवचं नाही.

मी विचारलं, मग यंदा हाळी कोण देणार? येसाजी म्हणाले, मान तेराव्याला पगडी बांधून पुढे जातो. तेरावं झालेलंच नाही. सहदेवची बायको बनुबाई तो गेला असं म्हणू देत नाही.

म्हणजे यंदा कुणीच नाही. एवढं बोलून गृहस्थ विडा लावायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

२७ जून, मंगळवार

बनुबाईकडे जाऊन आले. चाळिशीची असेल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. दारात पुरुषाच्या वहाणा तेल लावून ठेवलेल्या. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घातली. मी विषय काढला तेव्हा तिने मला एवढंच विचारलं की, बाई, तुम्ही बघितलंय का त्यांना मेलेलं? नाही म्हटलं. मग ती म्हणाली, मंग आणखी एक भाकर घ्या.

बाई मला आवडली. पण चौदा घरं एका कुंकवाच्या टिकलीवर टांगलेली आहेत, हे काही मला पटत नाही.

४ जुलै, मंगळवार

आकडा १४०. दुपारी मुलं गेल्यावर बातम्या लावत होते, बोट घसरून त्या निकामी बटणावर पडलं. नुसती खरखर. बंद करणार तोच त्या खरखरीत लांबून पुरुषाचा आवाज आला, "होऽऽ सरा!" थोड्या वेळाने पुन्हा. कुठल्यातरी केंद्रावरचं श्रुतिनाट्य असावं. किंवा एखादा गुराखी, कसल्यातरी यंत्रावर पकडला गेलेला. अमेरिकेने एवढा खर्च करून करंजटेपचे गुराखी ऐकवावेत, ही मौजच.

हँडलची फिरकी संपली तसा आवाज थांबला.

७ जुलै, शुक्रवार

आकडा १७१. रोज दुपारी ते बटण लावते. रोज तीच हाळी, तोच आवाज. आज मला एक नामी युक्ती सुचली आहे. लोकांना मानाचीच हाळी हवी ना? देऊ.

९ जुलै, रविवार

मी मूर्ख आहे. लिहून ठेवते, पुढे स्वतःला शहाणी समजायला लागले तर उपयोगी पडेल.

देवळात गावकी बसली होती. मी रेडिओ मधोमध ठेवला, हँडल फिरवलं आणि म्हटलं, माणूस नसेल तर या पेटीला हाळीचा मान द्या. पावसाचा जोर वाढला की मी ही वाजवीन, तुम्ही बाहेर पडा. बटण दाबलं. "होऽऽ सरा!"

कुणी हललं नाही. येसाजींचा विडा तोंडातच राहिला. मागे बायकांतून बनुबाई उठली, डोक्यावरून पदर घेतला, पुढे येऊन रेडिओसमोर हात जोडले. म्हणाली, "मालकांची हाळी हाय ही." आणि मग एकेकजण मान हलवायला लागला. सगळे त्याच हाळीवर लहानाचे मोठे झालेले, त्यांना ओळख पटवावी लागत नाही. कोंडाजी तर रडायलाच लागला.

मी सांगून पाहिलं की हे कुठलं तरी नाटक आहे. कोण ऐकतंय? मान पेटीला द्यायची गरजच उरली नाही. मान ज्याचा त्याच्याकडेच होता.

१५ जुलै, शनिवार

आकडा २०६. रेडिओला जास्वंदीचा हार आहे. बनुबाई रोज दुपारी येते, हँडल फिरवते, गालावर हात ठेवून ऐकते. तिचा चेहरा बघवत नाही, इतकी सुखी दिसते.

वाडीच्या वरच्या अंगाला, वरकस रानात, जमिनीला भेग पडली आहे. परवा दोन बोटं होती. आज माझी मूठ गेली. व्हाळाचं पाणी लाल येतंय. येसाजींना नेऊन दाखवली. म्हटलं, ही भेग सुटली तर वाडीसकट खाली जाईल, आजच सड्यावर देवळात चला. त्यांनी भेगेत काठी घालून बघितली. मग म्हणाले, "हाळी झाली की निघू, बाई. तवर नाय." पेटीतली हाळी बनुबाई फिरवते म्हणून वाजते, तिचा हिशेब नाही. खरी हाळी आपणहून येईल.

आपणहून म्हणे.

१८ जुलै, मंगळवार

आकडा २३८. फोन बंद पडला. फाट्याची वाट तुटली. आता कळवायचं कुणाला?

आज हाळीत शब्द वाढला. बनुबाई हँडल फिरवत होती. "होऽऽ सरा! खाली सरा!"

खाली म्हणजे ढिगारा. मी बनुबाईला विचारलं, ऐकलंत का? तिने हँडल सोडलं आणि उठून गेली.

२० जुलै, गुरुवार

सकाळी सव्वानऊ. मुलांना पाढे म्हणायला लावले होते. रेडिओ टेबलावर, कुणाचा हात नाही. हँडल आपोआप फिरायला लागलं. सावकाश, दळणाऱ्या बाईच्या हातासारखं. आणि हाळी. "होऽऽ सरा! खाली सरा!"

मुलं उठून उभी राहिली. एकही घाबरलं नाही, हेच भयंकर. दप्तरं उचलून घरी गेली. खिडकीतून पाहिलं, धुक्यात चौदाही घरांवरचा धूर थांबला. पहिली हाळी. चुली विझल्या.

घरोघर गेले. खालीच का, असं विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, सहदेव सांगतो ते बरोबरच असणार, गेल्या वर्षी त्याचंच ऐकून वाचलो. याला तोड नाही. गेल्या वर्षी खरंच वाचले.

मला भीती वाटते आहे. पण भिऊन गप्प बसायची सवय नाही, ती आता या वयात लावून घेणार नाही.

२१ जुलै, शुक्रवार

उजाडताच रेडिओ व्हाळात फेकला. बरं वाटलं, ते दोन मिनिटं टिकलं. मग व्हाळच बोलायला लागला. प्रत्येक दगडाआडून, पाण्यातून, सबंध दरीभर. "होऽऽ सरा!" दुसरी हाळी. गोठ्यांचे आगळ निघाले. गुरं सुटली. ती मात्र खाली जाईनात, साकवाकडे पळाली. मुकी जनावरं शहाणी.

कमरेएवढ्या पाण्यात उतरून रेडिओ काढला, दुसरं काय करणार? हातात आल्यावर आवाज पुन्हा पेटीपुरता झाला. हँडल फिरत होतं. रागाच्या भरात मुठीत घट्ट धरलं.

आवाज थांबला.

सोडलं, की नुसता 'होऽ' सुरू. धरलं, बंद. दहा वेळा करून पाहिलं, शास्त्राचा प्रयोग करतात तसं. हँडल धरून ठेवलं तर ते बोलू शकत नाही. ओढ लागते हाताला, पण माझा हात तीस वर्षं खडू आणि कान धरण्यात तयार झालेला आहे.

दुपारी

बनुबाईकडे गेले, एका हातात हँडल धरूनच. म्हटलं, तुम्ही त्या घरातल्या. ते गेले असं तुम्ही म्हणालात तर या आवाजाला मान उरत नाही, आणि हाळी द्यायचा हक्क तुमच्याकडे येतो. माझ्याच कानांना ते इतकं निर्दय ऐकू आलं. लग्नही न केलेली मी, कुणाच्या कपाळाचं कुंकू पुसायला निघाले होते? शरम वाटली. तरी बोलले.

ती वहाणांना तेल लावत बसली.

भेगेत आता हात कोपरापर्यंत जातो.

२२ जुलै, शनिवार

सकाळी ६.४०

काल सकाळपासून हँडल धरून आहे, रात्रभर जागी. बोटं बधिर झाली. उजव्या हाताने धरलंय, डाव्याने लिहितेय, अक्षराला हसू नये. पर्जन्यमापक भरून वाहतंय, आज आकडा नाही. जमिनीतून फरशीवर पाण्याचे झरे फुटलेत. लिहिते, कारण कुणीतरी वेळेसकट नोंद ठेवायला हवी.

७.०५

शिंक आली. एका शिंकेपुरतं बोट सैल झालं, आणि तिसरी हाळी निसटली. पुरी. "खाली सरा."

धरलं पुन्हा. उपयोग काय. दारं वाजताहेत.

७.१५

गाठोडी घेऊन निघाले. शाळेवरूनच खाली वाट जाते. मी दारातून ओरडले, नावं घेऊन ओरडले. माझी हाक ती, माझ्या हाकेला काय किंमत — येसाजी मान खाली घालून गेले. कोंडाजीच्या कडेवर पोर, ते माझ्याकडे बघत होतं. मी पाया पडले. हो, पडले —

बरोबर जावं तर हा रेडिओ हातात. त्यांच्यात नेला आणि सुटला तर —

७.२०

बनुबाई आली.

शाळेच्या दारात उभी राहिली, भिजून चिंब. रेडिओकडे बघून सावकाश बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "बाई, माझा मालक माणसांना खाली बोलवायचा नाय. जन्मभर त्यानं वरच काढली माणसं. ह्यो आवाज त्याचा हाय, पर त्यो नाय. त्यो असता तर असा बोलला नसता. म्हंजे त्यो नाय आता."

मग पायरीच्या दगडावर दोन्ही हात आपटले. हिरव्या काचा माझ्या वहीवर उडाल्या. पदराने कपाळ पुसलं. रडली नाही. मी रडले.

हँडल असं हिसकलं की खांदा निखळेलसं वाटलं.

७.२५

तिची हाळी. बाईचा आवाज, फाटका, पण काय लांबला. "होऽऽ सरा! सड्याव सरा!" एकदा. दुसऱ्यांदा. तेरावं नाही, पगडी नाही, बाईने कधी दिली नाही — आणि दिली.

तिसरी.

खालची पावलं थांबली. धुक्यात येसाजींचा आवाज, बनूनं बांगड्या फोडल्या रे. आणि मग — वर वळली. वळली सगळी!

७.४०

शाळेसमोरून जाताहेत, साकवाकडे. बनुबाई पलीकडे उभी राहून हाळी देतेय, धुक्यात तिच्याच आवाजावर चालायचं. हा सुटला तर दोन आवाज होतील, आणि कुणीतरी चुकेल. म्हणून सुटणार नाही. कोंडाजी मला न्यायला आत आला. हाकलला त्याला. पोर घेऊन जा म्हटलं.

मोजतेय. नऊ घरं गेली.

७.५०

बारा.

मागची भिंत फुगलीय. कौलं पडताहेत. वर काहीतरी मोडतंय, झाडं असावीत. हँडल गरम झालंय. त्याच्या आतून दात खाल्ल्यासारखा आवाज — बोलता येत नाही ना? बस तसाच.

७.५५

चौदावं घर येसाजींचं. साकवावर चढले. म्हातारा पाठमोरा — थांबू नका हो, जा —

गेले. पलीकडून ओरडले, त्रेसष्ट. त्रेसष्ट माणसं, मोजून.

आता सोडते. सोडून पळते.

बोटं उघडत नाहीत.

उघडत नाहीत. मीच धरलंय की यानं मला — असो. असू दे. ऐक रे, चोरा, दुसऱ्याच्या गळ्यानं बोलणाऱ्या, ऐक. फरशी हलतेय तरी लिहितेय. सगळी सड्यावर आहेत. मोज हवं तर. चौदा घरं, त्रेसष्ट माणसं, अकरा मुलं त्यातच, गुरंसुद्धा. तुला यातलं एकही —